बटण पेशंटच्याच हातात: ऑपरेशननंतरच्या वेदनाशामक पंपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या उशाशी, सलाईनच्या स्टँडवर कधीकधी एक कुलूपबंद पेटी अडकवलेली दिसते. तिच्यातून एक बारीक नळी शिरेत जाते आणि एक वायर पेशंटच्या हातापाशी येते. वायरच्या टोकाला बटण असतं. याला पीसीए पंप म्हणतात. पीसीए म्हणजे ‘पेशंट कंट्रोल्ड अॅनाल्जेसिया’, पेशंटनं स्वतः घ्यायचं वेदनाशामक. दुखायला लागलं की पेशंटनं स्वतः बटण दाबायचं आणि ठरलेलं औषध स्वतःच घ्यायचं, एवढी साधी ही योजना आहे.

बेळगावात ऑपरेशननंतरच्या वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेले नातेवाईक पंप पाहिला की तेच तेच प्रश्न विचारायचे. विचारायचे मराठीतून, आणि हातात दिलेला कागद असायचा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. म्हणून ही उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवते. औषध किती आणि कुठलं, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. शेजारी बसणाऱ्याला काय माहीत असायला हवं, ते मी सांगते.

पंपात नेमकं काय असतं?

बहुतेक वेळा मॉर्फिन किंवा फेंटॅनिल. दोन्ही अफूच्या जातीची, जोरकस वेदनाशामकं आहेत. एकदा बटण दाबलं की अगदी थोडा डोस जातो. मोठ्या माणसाला मॉर्फिन असेल तर साधारण १ मिलिग्रॅम. त्यानंतर पंप ५ ते १० मिनिटं स्वतःला कुलूप लावून घेतो. तेवढ्या वेळात दहादा दाबलं तरी थेंबही जात नाही. किती डोस, किती मिनिटांचं कुलूप आणि काही तासांत जास्तीत जास्त किती औषध, हे सगळं भूल देणारे डॉक्टर आधीच ठरवून पंपात भरायला लावतात.

पंप नसतो तेव्हा काय होतं ते आठवून पाहा. पेशंट कण्हतो, कुणीतरी सिस्टरला शोधायला जातं, सिस्टर कपाटाची चावी आणते, रजिस्टरवर सही होते, इंजेक्शन भरलं जातं. तोवर अर्धा तास गेलेला असतो. मग एकदम मोठा डोस बसतो, पेशंट गुंगतो, आणि तीन-चार तासांनी पुन्हा तेच. पंपामुळे हे वर-खाली होणं कमी होतं. दुखणं आटोक्यात राहिलं की पेशंट दीर्घ श्वास घेतो, खोकून छातीतला कफ बाहेर काढतो, लवकर उठून चालतो. खरा फायदा हा आहे.

ही पद्धत नवीन आहे का?

नाही. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली, आणि १९७६ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ इथं पहिलं विक्रीयोग्य यंत्र तयार झालं. कल्पना तीच राहिली, यंत्रं सुधारत गेली.

आई झोपलीय. तिला दुखू नये म्हणून मीच बटण दाबलं तर बिघडतं कुठं?

या एका प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

पंपाचं कुलूप औषधाचा वेग आवरतं. पण पेशंटला आता पुरे झालं की नाही, हे कुलपाला कळत नाही. ते कळतं पेशंटच्या झोपेला. औषध पुरेसं झालं की डोळे मिटतात, बोटं सैल पडतात, बटण दाबलं जात नाही आणि औषध आपोआप थांबतं. म्हणजे पंपाची सगळ्यात पक्की सुरक्षा पेशंटच्या गुंगीतच आहे. तुम्ही त्याच्यासाठी बटण दाबलंत की ती सुरक्षा निघून जाते. शिरेतून गेलेल्या मॉर्फिनचा पूर्ण जोर यायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. आधीचा डोस अजून चढत असतानाच तुम्ही पुढचा देता, त्याच्यावर आणखी एक, आणि पेशंट तर झोपलेलाच असतो.

ही औषधं जास्त झाली की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. आधी गुंगी वाढते, मग श्वास कमी होत जातात.

खानापूरकडची एक म्हातारी आई माझ्या आठवणीत आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. रात्रभर लेक शेजारी बसून होती, आईनं कण्हू नये म्हणून दर दहा मिनिटांनी बटण दाबत. पहाटे तीनच्या सुमारास मी फेरीवर गेले तर आजी शांत दिसल्या. श्वास मोजले. मिनिटाला सात. हाका मारल्या, उत्तर नाही. छातीच्या हाडावर मुठीनं घासलं तेव्हा कुठं जरा हालचाल झाली. पंप बंद केला, मान मागे करून श्वासाची वाट मोकळी केली, ऑक्सिजन लावला. डॉक्टर धावत आले, मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नालोक्सोन दिलं. आजी वाचल्या. लेकीच्या मुठीत बटण तसंच होतं, आणि ती मला विचारत होती, "सिस्टर, माझं काय चुकलं हो?" तिचं काही चुकलं नव्हतं. संध्याकाळी ड्यूटी बदलताना आम्ही आजींना समजावलं होतं. लेकीला तिच्या भाषेत कुणीच सांगितलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ च्या डिसेंबरमध्ये याच एका गोष्टीवर सगळ्या रुग्णालयांना इशारा दिला होता: पेशंटऐवजी दुसऱ्या कुणी बटण दाबू नये. नवऱ्यानं नाही, लेकीनं नाही, सिस्टरनंसुद्धा आपल्या मनानं नाही.

आपल्या घरांतून पेशंटजवळ सतत कुणीतरी असतं, आणि ते चांगलंच आहे. आक्का रात्री बसते, वहिनी सकाळी डबा घेऊन येते, मामा दुपारी येऊन बसतात. पण माणूस बदललं की सांगणंही बदलतं. म्हणून प्रत्येक नव्या माणसाला पहिलं वाक्य हेच सांगा: बटणाला हात लावायचा नाही.

मग शेजारी बसणाऱ्यानं करायचं तरी काय?

श्वास मोजायचा. बटण दाबण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं आहे, आणि रात्री दोन सिस्टर तीस पेशंट सांभाळत असतात तेव्हा तुमचे डोळे आम्हाला खरोखर उपयोगी पडतात.

पेशंट झोपलेला असताना छाती किंवा पोट वर-खाली होताना बघा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण मंद श्वासात तो हिशेब फसतो. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. १० च्या खाली आले तर सिस्टरला सांगा. ८ किंवा त्याहून कमी झाले, श्वास मध्येच थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा हाक मारून पेशंट डोळे उघडत नसेल, तर वाट पाहू नका. खांद्याला हलवून जागं करा, मोठ्यानं श्वास घ्यायला सांगा आणि ओरडून बोलवा. सिस्टर कन्नड बोलणारी असेल तर "उसिराट कम्मी आगिदे, बेग बन्नी" एवढं म्हटलं तरी पुरे. श्वास कमी झालाय, लवकर या, असा त्याचा अर्थ.

घोरण्याबद्दल विशेष सांगते. "आता कशी छान घोरत झोपलीय" असं नातेवाईक समाधानानं म्हणतात. एरवी न घोरणारं माणूस पंपावर असताना घोरायला लागलं, किंवा घोरता घोरता मध्येच आवाज बंद होऊन मग दचकल्यासारखा श्वास घेतला, तर ती गाढ झोप समजू नका. गुंगीनं जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट अडते आहे. लगेच सांगा.

गुंगी वाढणं हे श्वास मंदावण्याच्या आधीचं लक्षण आहे. बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून पेशंट झोपी जात असेल, तर तेवढ्यावरही सिस्टरला बोलवायला लाजू नका. पहिले २४ तास आणि त्यातली रात्र सगळ्यात जपण्याची.

नालोक्सोन दिल्यावर पेशंट दोन-चार मिनिटांत जागा होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण नालोक्सोनचा परिणाम मॉर्फिनच्या आधी संपतो. तासाभरानं गुंगी पुन्हा येऊ शकते. त्यामुळे जागा झाला म्हणजे मिटलं, असं समजून घरी जाऊ नका.

बोटाच्या क्लिपवर ९८ दाखवतंय. तरी श्वास मोजायचा?

हो, तरीही. क्लिप रक्तातला ऑक्सिजन दाखवते, श्वास किती चालला ते दाखवत नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर श्वास बराच मंदावेपर्यंत आकडा चांगलाच राहतो. आतल्या आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि गुंगी आणखी वाढते. काही रुग्णालयांत सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र लावतात. ते धोका लवकर ओळखतं. तुमच्या वॉर्डात असेल तर त्याची नाकातली नळी पेशंटनं ओढून काढू नये एवढं बघा.

कुणाला जास्त धोका असतो?

म्हातारी माणसं, खूप लठ्ठ माणसं, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असणारे, मूत्रपिंड नीट काम न करणारे. मॉर्फिनचे अवशेष मूत्रपिंडातून बाहेर पडतात. ते तुंबले की परिणाम लांबतो, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर बहुतेक वेळा दुसरं औषध निवडतात. निपाणीकडच्या तंबाखूच्या धंद्यात आयुष्य गेलेली, विडी ओढणारी, दम लागणारी माणसं आमच्याकडे नेहमी येतात. त्यांच्या फुप्फुसांना आधीच ताकद कमी असते.

आणि लपवलेल्या गोळ्या. झोपेची गोळी, घाबरं होण्यावरची गोळी, सर्दीवरची गुंगी आणणारी गोळी, खोकल्याचं औषध, दारू. यातलं काहीही पंपाच्या औषधाबरोबर आलं की दोघांचा जोर एक होतो. "रोजची अर्धी गोळी आहे, ती काय सांगायची" असं म्हणून बाबांच्या उशीखालची पट्टी गुपचूप देऊ नका. दारूचंही भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगा. ते तुमच्या गावात जाऊन सांगणार नाहीत.

यंत्रच चुकलं तर?

यंत्रापेक्षा यंत्रात भरताना होणारी चूक जास्त घातक ठरते. सिरिंजमध्ये १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम मॉर्फिन आहे आणि पंपाला सांगितलं गेलं की १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच आहे, तर पंप प्रत्येक वेळी पाचपट औषध देईल, आणि पडद्यावर मात्र सगळं बरोबरच दिसेल. म्हणून एका वॉर्डात एकाच तीव्रतेचं औषध ठेवणं, सिरिंजवर ठळक लेबल लावणं आणि दोन सिस्टरनी स्वतंत्रपणे आकडे तपासणं, या तीन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. सिरिंज बदलताना, ड्यूटी बदलताना आणि ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात आणल्यावर ही तपासणी व्हायला हवी. "सिस्टर, दोघींनी बघितलं का?" असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगली सिस्टर चिडणार नाही.

दुसरी जागा म्हणजे नळी. पंपाची नळी सलाईनच्या नळीला जोडलेली असते. तिथं औषध उलटं जाऊ न देणारी झडप हवी. ती नसेल आणि हातातली सुई तुंबली, तर बटण दाबल्यावर औषध पेशंटकडे न जाता सलाईनच्या नळीत मागे चढून साठतं. मग सुई मोकळी झाली की सगळं एकदम शिरेत. म्हणून हात सुजला, सुईच्या जागी दुखलं किंवा पंपानं गजर केला, तर नळी आपण चिमटून, झटकून पाहू नका. पेटीही वर उचलून ठेवू नका, आणि पेशंटला शौचाला नेताना ती खाली ओढली जाऊ देऊ नका.

काही पंप सतत थोडंथोडं औषध आपोआप सोडत राहतील असेही लावता येतात. ज्यांना अशा औषधांची आधी सवय नाही त्यांच्यासाठी ते सहसा टाळतात, कारण पेशंट झोपला तरी औषध चालूच राहतं. डॉक्टरांना हे जरूर विचारा.

लाइट गेली तर?

पंपाला बॅटरी असते. मात्र मोबाईल चार्ज करायला पंपाचा प्लग काढू नका. वॉर्डात हे रोज घडतं.

दाबून दाबून बोट दुखलं, तरी कळ थांबत नाही.

मग सांगा. पंप किती वेळा दाबलं आणि त्यातलं किती वेळा खरंच औषध गेलं, हे दोन्ही आकडे ठेवतो. तीसदा दाबलं आणि सहादाच मिळालं, तर याचा अर्थ डोस अपुरा आहे, नाहीतर पेशंटला पंप कसा चालतो ते कळलेलं नाही, नाहीतर दुखण्याचं कारणच वेगळं आहे. टाक्यांचं दुखणं वेगळं, लघवी तुंबल्यानं पोट फुगणं वेगळं आणि पोटरीत एकाच जागी येणारी कळ वेगळी. पंपाबरोबर पॅरासिटामॉलसारखं साधं औषध वेळेवर दिलं तर मॉर्फिन कमी लागतं, तेही चालू आहे का ते विचारा.

सिस्टरला आमचं बोलणं कळत नाही. काय करायचं?

हा आपल्या भागातला खरा अडसर आहे. वॉर्डात एक सिस्टर कन्नड बोलते, दुसरी मल्याळम, डॉक्टर इंग्रजी, आणि आजी म्हणते "बरं हाय." आजी सगळ्यांनाच बरं हाय म्हणते. कण्हतानासुद्धा.

ऑपरेशनच्या आधीच, पेशंट पूर्ण शुद्धीवर असताना, पंप मराठीतून समजावून मागा. ऑपरेशन झाल्यावर गुंगीत सांगितलेलं डोक्यात राहत नाही. बटण हातात देऊन दाखवायला लावा. दुखणं ० ते १० मध्ये सांगायचं असतं: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं. आकडा जमत नसेल तर चेहऱ्यांची चित्रं असतात. ठणकतंय, आग होतेय, कळ मारतेय, जड वाटतंय हे सगळे शब्द निरनिराळं काही सांगतात. दुभाषी नातेवाईकानं त्या सगळ्यांचं एका "नोवु"मध्ये, म्हणजे कन्नडमधल्या नुसत्या "दुखतंय"मध्ये, भाषांतर करू नये. नेमकं कुठं आणि कसं, तेही सांगावं.

आम्ही पलंगाच्या कठड्याला एक पुठ्ठा लावायचो. वर मराठीत "बटण फक्त पेशंटनेच दाबायचे", खाली कन्नडमध्ये "ओत्तबेडी", म्हणजे दाबू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी बाजूला हाताच्या चित्रावर फुली. एवढ्यानं फरक पडायचा.

व्यसन लागेल का?

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस, दुखण्यापुरतं घेतलेल्या औषधानं व्यसन लागणं फार दुर्मीळ. या भीतीनं दात-ओठ खाऊन पडून राहणारी आणि न खोकल्यामुळे छातीत कफ साचलेली माणसं मी जास्त पाहिली. आधी कसलं व्यसन असेल तर ते मात्र डॉक्टरांना सांगावं.

मळमळ होतेय, अंगाला खाज सुटलीय.

दोन्ही सर्रास होतं. दोन्हीवर औषध आहे. लघवी होत नसेल तर तेही सांगा. खाजेवर घरची गोळी देऊ नका, कारण त्यातल्या काही गोळ्या गुंगी आणतात.

कंबरेतून नळी घातलीय. तोच पंप का?

दिसतो तसाच, पण औषध आणि जागा वेगळी. ती नळी पाठीच्या कण्याजवळ असते आणि तिच्यातून बधिर करणारं औषधही जातं. ते चुकून शिरेत गेलं तर हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो, म्हणून दोन्ही नळ्यांवर वेगळी लेबलं हवीतच. पाय अचानक जड झाले, हलेनात किंवा पाठीत नव्यानं जोराचं दुखू लागलं, तर तातडीनं सांगा.

लहान मुलाचं किंवा हात न चालणाऱ्या माणसाचं काय?

साधारण पाच-सहा वर्षांपुढचं समजदार मूल स्वतः बटण दाबू शकतं. त्याहून लहान मुलासाठी काही ठिकाणी सिस्टरनं दाबायची वेगळी व्यवस्था करतात. त्यासाठी डॉक्टरांचा लेखी आदेश, वेगळे आकडे आणि जास्त देखरेख लागते. "मग माझ्या नातवाचं मी दाबते" असा त्याचा अर्थ होत नाही. गोंधळलेल्या किंवा भ्रम झालेल्या पेशंटला हा पंप देतच नाहीत.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात असला पंप नाही. आमची हेळसांड होतेय का?

तसं नाही. मॉर्फिन ठेवायला १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यानुसार, मान्यता आणि नोंदी लागतात. २०१४ च्या दुरुस्तीनं रुग्णालयांसाठी ती वाट बरीच सोपी केली, तरी छोट्या दवाखान्यात ते बहुतेक वेळा नसतं. वेळापत्रकानं दिलेली इंजेक्शनं, पॅरासिटामॉल, हात किंवा पाय बधिर करणारा ब्लॉक यांनीही दुखणं चांगलं आवरतं. आणि रात्री बघायला माणूसच नसेल, तर पंप नसलेलाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही चुकल्याचा संशय असेल तर?

आधी पेशंट सांभाळा. मग वॉर्डप्रमुख आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आणि पंप, नळी, सिरिंज फेकून देऊ नयेत, पंपातली नोंद पुसू नये, अशी विनंती करा. औषधाचा किंवा उपकरणाचा दुष्परिणाम पेशंट आणि नातेवाईकही कळवू शकतात. त्यासाठी देशभर चालणारा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

पंप कधी काढतात आणि पुढे काय?

पेशंट तोंडानं खाऊ-पिऊ लागला आणि बटण दाबणं कमी झालं की, साधारण एक ते तीन दिवसांत. पंप काढण्याआधी तोंडावाटेची गोळी चालू झालेली असावी, नाहीतर मधल्या काही तासांत दुखणं उसळून येतं. काढल्यानंतरही पुढचे काही तास श्वासावर लक्ष ठेवा. अशा औषधांनी पोट साफ होत नाही. पाणी भरपूर द्या आणि दोन दिवस शौचाला झालं नाही तर सांगा. सिरिंजमध्ये उरलेलं औषध दोन सिस्टरच्या सहीनं नष्ट केलं जातं. ते घरी मागू नका.